मेदेर आकेंचा दहावा अध्याय

मेदेर आके सातव्या अध्यायावर अडून बसले होते, आणि एव्हाना त्यांच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीतल्या प्रत्येकाच्या ते लक्षात आलं होतं. बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र त्यांनी बटाटे काढून झाल्यावर शिकवायला घेतलं, तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं की ओळ न् ओळ घेईन, एकही गाळणार नाही. सातवा अध्याय लग्नाचा. दोन रविवारांत आटपला असता. पण बर्फ पडून वितळायला आलं तरी आके लग्नावरच बोलत होते.

"पस्तीस वर्षांत माझ्याशी कधी एवढं बोलला नाहीत," त्यांची बायको गुलसून म्हणाली. आकेंना हसू आलं नाही. ते चुलीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून चुलीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिले.

कोचकोर गावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. तिथलीच खोड त्यांनी मंडळीत आणली. कोणी काही ठामपणे सांगितलं की आके चष्मा वर सरकवून विचारणार, "कुठे लिहिलंय?" या एका प्रश्नानं त्यांनी बरंच काही झाडून काढलं होतं. मंडळी सुरू करून देणारा जर्मन याकोब पुढे आपल्या माणसांबरोबर जर्मनीला निघून गेला. जाताना एक वही आणि पुष्कळ नियम मागे ठेवून गेला. तीन तारांचा कोमुझ वाजवायचा नाही, कारण त्यावर जुन्या गोष्टी गातात. पुरुषांनी उजवीकडे बसायचं, बायकांनी डावीकडे. आकेंनी एकेक नियम शास्त्रावर घासून पाहिला आणि टिकला नाही तो सोडून दिला. आता उपासनेत कोमुझ वाजतो, आणि नवराबायको शेजारी बसून एकमेकांना कोपरानं ढोसतात.

एक नियम मात्र तसाच राहिला. विश्वासणाऱ्यानं आशला, म्हणजे मेलेल्याच्या वर्षाच्या जेवणाला, तोंडात घास घालायचा नाही. मुल्ला मृतासाठी पठण करतो, मग घोड्याचं मांस वाटलं जातं, ज्याच्या त्याच्या मानाचं हाड ज्याच्या त्याच्या पुढ्यात. ते हाड परत सारणं म्हणजे घराण्याच्या तोंडावर थुंकणं. आकेंनी हा नियम वर्षानुवर्षं शिकवला होता, आणि त्याबद्दल स्वतःला तो प्रश्न कधी विचारला नव्हता.

आता विचारावा लागणार होता, कारण आठव्यापासून दहाव्यापर्यंत पत्र लिहिणारा पौल नेमकं त्यावरच बोलतो. आकेंनी तो भाग या हिवाळ्यात इतक्या वेळा वाचला की पानाची कड काळी पडली. भुतांच्या मेजावर बसू नका, हे तिथे आहे. वहीत तेवढंच उतरवलेलं होतं. पण खाली, त्याच अध्यायात, हेही आहे की विश्वास न ठेवणाऱ्यानं जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी म्हणालं, तर त्याच्यासाठी खाऊ नका. आकेंनी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. मुल्लाचं पठण म्हणजे वाहणंच नाही का? पण घोडा कापणारा देवाचं नाव घेतो, मूर्तीचं नाही, आणि मांस पाहुण्यांसाठी शिजतं. कुणाचं मन खात असेल तर त्यानं खाऊ नये, हे खरं. पण सगळ्यांवर सरसकट बंदी? कुठे लिहिलंय? कुठेच नाही.

एवढंच असतं तर आकेंनी कोमुझसारखं हेही सांगून टाकलं असतं. पण मध्ये मंडळीतली म्हातारी सालिया आपा होती.

दहा वर्षांपूर्वी आपाचा एकुलता एक मुलगा तिलेक घाटात ट्रकसकट दरीत गेला. वर्षाचं आश आलं तेव्हा सून मेरिमनं माहेरच्यांच्या मदतीनं घोडी कापली, सगळं गाव जेवायला घातलं. आईच्या पुढ्यात मानाचं हाड आलं आणि आपानं दोन्ही हातांनी ते ताट परत सारलं. मेरिम सगळ्यांदेखत म्हणाली, स्वतःच्या मुलाचं जेवण ज्या बाईला विटाळ वाटतं, तिच्या छपराखाली माझ्या मुली वाढणार नाहीत. महिन्याभरात ती मुलींना घेऊन परदेशात, येकातेरिनबुर्गला गेली. तेव्हापासून एक फोन नाही.

मंडळीत आपाचं हे उदाहरण देतात. राजधानीतून, बिश्केकहून पाहुणे आले की आके स्वतःच ते सांगायचे, आणि आपा मान खाली घालून ऐकायची. देवाला आपण काहीतरी दिलं, एवढ्या एका आधारावर ती बाई उभी होती.

"तिच्याकडून ते काढून घेणार?" गुलसूननं विचारलं. "अकरावा अध्याय घ्या. कोण विचारतंय तुम्हाला?"

कोणी विचारत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कोणी विचारलं असतं तर आके वाद घालू शकले असते. त्यांना जेवण जाईना, वाचायला बसलं की पाय आपोआप दाराकडे वळत. शेवटी शनिवारी सकाळी त्यांनी पुस्तक काखेत मारलं आणि चिखल तुडवत आपाच्या घरी गेले.

आपा क्रुत वळत बसली होती. घट्ट दह्याच्या गोळ्या वळून वाळत घालायच्या, त्या वर्षभर टिकतात. तिनं हात थांबवला नाही. आकेंनी आडवळणानं सुरुवात केली तशी ती म्हणाली, "मेदेर, धडा शाळेत शिकव. इथे काय ते सांग."

आकेंनी अध्याय उघडून वाचला. आपा म्हणाली, पुन्हा वाच. त्यांनी पुन्हा वाचला.

"आशच्या आधी मी तुझ्याकडे आले होते," आपा म्हणाली. "तुझाच प्रश्न तुला विचारला होता. कुठे लिहिलंय?"

"हो."

"तू म्हणालास, लिहिलेलं आहे."

"हो, आपा."

"तेव्हा हे पान पुस्तकात होतं?"

"होतं. मी उघडलं नाही. याकोबच्या वहीतलं सांगितलं." आकेंनी पुस्तक मिटलं. "मला खात्री होती, म्हणून पाहिलंच नाही."

आपाच्या हातातली गोळी चेपून सपाट झाली. ती तिनं पुन्हा वळली, पुन्हा चेपली. आके शिव्यांची वाट बघत होते. शिव्या आल्या असत्या तर त्यांना हलकं वाटलं असतं.

"उद्या मंडळीला सांगणार आहे," ते म्हणाले. "चूक माझी होती, असं सगळ्यांसमोर."

"सांग की. सगळे रडतील. आमचा मेदेर आके किती नम्र, असं म्हणत घरी जाऊन जेवतील." आपानं फडक्याला हात पुसले, उशीखालून फोन काढून त्यांच्या हातात दिला. "आधी मेरिमला सांग. हा नंबर तिच्या मामेभावानं दिला. मी तीनदा लावला. माझा आवाज ऐकला की ठेवते."

आकेंनी नंबर लावला. चौथ्या घंटीला बाईचा आवाज आला, मागे ट्रामची खडखड. आकेंनी नाव सांगितलं. आईला मी चुकीचं शिकवलं, तिनं ताट सारलं ते माझ्या शब्दावर, तिलेकसाठी तिच्या मनात विटाळ नव्हता, तो दोष माझा, असं त्यांनी एका दमात सांगितलं. पलीकडे ट्राम निघून गेली.

"एक अध्याय वाचायला नऊ वर्षं लागली तुम्हाला?" मेरिम म्हणाली, आणि फोन बंद झाला.

आकेंनी फोन चटईवर ठेवला. वर बघायची त्यांची हिंमत होईना. मग ते म्हणाले, "आपा, आपण प्रार्थना करू या?"

"प्रार्थना मी करते," आपा म्हणाली. "तू फोन लाव."