अठराव्या राजाचे नाव

अवेरोचा जन्म १९२५ साली इराबेच्या राजवाड्याला लागून असलेल्या गायिकांच्या आळीत झाला. घराणे राजाचे नव्हते, राजाला जागवणाऱ्या बायकांचे होते. रोज पहाटे राजाच्या दाराबाहेर चटईवर बसायचे आणि त्याच्या आधी गादीवर बसलेल्यांची नावे, प्रत्येकाच्या बिरुदांसकट, त्याला ऐकवायची, हे काम तिच्या पणजीपासून चालत आले होते. मूळपुरुष ओदुदुवाचा धाकटा मुलगा इफे नगरीहून मण्यांचा मुकुट घेऊन निघाला, वाटेत सात ठिकाणी थांबला आणि शेवटी इराबेच्या खडकावर बसला, इथून सुरुवात. आज गादीवर असलेल्या राजाच्या नावाशी शेवट. तो शेवट कानावर पडेपर्यंत राजाने दातवणसुद्धा तोंडात घालायचे नाही.

सातव्या वर्षी अवेरोला सगळी यादी येत होती. एकच जागा आईने तिला तोंडाने शिकवली नाही. सतरावे नाव झाले की आई थांबे, उजवा तळवा जमिनीवर टेकवी, श्वास सोडी आणि एकदम एकोणिसाव्या नावाला हात घाली.

"मधला कोण गं?"

"तळवा टेकव. विचारू नकोस."

"पण तो होता ना?"

"नसता तर जमिनीला हात कशाला लावला असता, वेडे?"

ते नाव अवेरोला लग्नानंतर कळले, कारण ती त्याच माणसाच्या घरी सून म्हणून गेली. चौदाव्या राजाला चार मुलगे होते. चौघेही एकामागून एक गादीवर बसले आणि चौघांची चार घराणी झाली. सर्वांत धाकटा अदेरोमू, अठरावा. लढाईच्या दिवसांत त्याने आपल्याच गावची माणसे विकली. तेव्हा राजा निवडणाऱ्या सहा मानकऱ्यांनी त्याच्याकडे रिकामा भोपळा पाठवला. झाकण उघडून आत काही नाही हे त्याने पाहिले आणि समजला, आता आपणच आपला जीव द्यायचा. सूर्य मावळायच्या आत तो छपरात चढला. इराबेत राजा मेला असे कोणी म्हणत नाही. ज्याला रिकामा भोपळा गेला त्याचे नाव चारचौघांत कोणीच घ्यायचे नाही, राजे गाणाऱ्या तोंडाने तर मुळीच नाही. उच्चारले तर ते तोंड पुन्हा गाण्याच्या लायकीचे राहत नाही. पण मुकुट इफेहून आलेला. एका माणसाच्या पापाने तो घराण्याच्या डोक्यावरून उतरत नाही, असे त्याच मानकऱ्यांनी ठरवले होते. तीन घराण्यांच्या तीन पाळ्या झाल्या की पुन्हा अदेरोमूच्या वंशजांची पाळी. त्यांना नावाने न बोलवता, ते राहत त्या वस्तीवरून, 'ओदोची मंडळी' म्हणत. अवेरोचा नवरा अदेगुनले हा अदेरोमूचा नातू.

१२ मार्च १९५७, मंगळवार. प्रत्येक गावच्या राजघराण्यांची नोंद करण्यासाठी सरकारने माणसे पाठवली होती. इराबेला आलेले कारकून बांजोको हे किनाऱ्याकडचे, बूट घालणारे, नेमस्त गृहस्थ. राजवाड्याच्या ओसरीवर टेबल मांडले होते. गावाला यादी एकाच तोंडातून माहीत होती, म्हणून अवेरोला बोलावले. ती गायली. सतरावे नाव झाले, तिने तळवा टेकवला, ओसरीवरच्या सगळ्यांनी टेकवला, आणि ती पुढे गेली.

"एकूण किती राजे, बाई?"

"एकवीस."

"माझ्याकडे वीसच आहेत."

"मी एकवीस गायले."

"परत सांगता?"

तिने परत सांगितले. बांजोकोंनी पेन्सिलीने एकेका नावावर टिंब दिले. वीस. टेबलाशी बसलेले मानकरी छताकडे बघत राहिले. तेही ते नाव घेऊ शकत नव्हते, आणि परक्या माणसापुढे त्या जुन्या लाजेचा विषय काढायची कोणाला हौस नव्हती. शेवटी कागद वाचून दाखवला गेला. वाचणारा सतराव्या नावावरून सरळ एकोणिसाव्यावर गेला. अवेरोच्या ते लगेच ध्यानात आले. तिला वाटले, कागदसुद्धा मान राखतो. सरकारचा असूनही याला रीत ठाऊक आहे. तिला त्याचे थोडे बरेही वाटले. तिने शाईत अंगठा बुडवला आणि उमटवला.

त्या कागदावर इराबेची राजघराणी तीन झाली.

पुढची एकोणचाळीस वर्षे हे कोणाला जाणवले नाही. एकविसावा राजा दीर्घायुषी निघाला. अवेरो रोज पहाटे गात होती. तिला चार मुले झाली, त्यांतला थोरला अदेयांजू तेवढा जगला. तो शाळामास्तर झाला, शांत, वाकून चालणारा. त्याने कधी राजेपदाचे नाव काढले नाही, पण ओदोच्या वस्तीत सगळ्यांनी मनातल्या मनात ते त्याच्यावर ठेवलेले होते. वस्तीतली म्हातारी माणसे त्याला चालताना बघून म्हणत, "मास्तर, मान वर ठेवा. मुकुट जड असतो म्हणतात." तो हसून म्हणे, "वह्यांचा गठ्ठा त्याहून जड असतो, बाबा."

फेब्रुवारी १९९६ मध्ये राजा छपरात चढला. चाळीस दिवसांनी ओदोची मंडळी पांढरे कपडे घालून, मान म्हणून द्यायची कोलाच्या बियांची टोपली घेऊन मानकऱ्यांत पहिला असलेल्या लिसाकडे गेली. लिसा म्हातारा होता. त्याने टोपली घेतली नाही.

"सरकारी कागद मागवलाय," तो म्हणाला. "त्यात तुम्ही नाहीच आहात."

"आम्ही नाही म्हणजे?" अदेयांजू म्हणाला. "बाबा, सत्तावन्न साली तुम्ही स्वतः त्या टेबलाशी बसला होतात."

"बसलो होतो. तुझ्या आईनं गायलं, मी ऐकलं. जे गायलं ते लिहिलं."

"आणि जे जमिनीला हात लावून सांगितलं ते?"

"ते मला ठाऊक आहे, पोरा. मला सगळं ठाऊक आहे." लिसाने टोपली पायाने हलकेच पुढे सारली. "सरकारला ठाऊक नाही."

घरी आल्यावर अदेयांजूने आईला काही विचारले नाही. विचारले ते त्याच्या बायकोने, एबुनने. ती बाजारात पाम तेल विकत असे आणि तिची जीभ कोणासाठी थांबत नसे. सासूला ती इतरांसारखीच 'इया', म्हणजे आई, म्हणे.

"इया, कागद वाचून दाखवला तेव्हा तुम्ही जाग्या होतात ना?"

"जागी होते."

"मग?"

अवेरोने खरे ते सांगितले.  एबुन म्हणाली, "मीही तुमच्याच गावची. मीही तेच समजले असते. म्हणून तर रडू येतंय मला."

राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. आता एकच वाट होती. ज्या तोंडाने ते नाव गाळले, त्याच तोंडाने ते सांगायचे. अवेरोने आठ दिवस विचार केला असे नाही. तिने पहिल्याच दिवशी ठरवले होते. आठ दिवस तिने फक्त पहाटेची सेवा केली. राजा नव्हता, तरी रिकाम्या दारासमोर गायली. शेवटच्या दिवशी तिने चटई गुंडाळून मावसबहिणीच्या मुलीच्या हातात दिली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६. जिल्ह्याच्या गावातले सभागृह, वर पंखे, समोर निवृत्त न्यायाधीश. ते उत्तरेकडचे होते, त्यांच्याजवळ दुभाषा बसला होता. पहिल्या घराण्याचे वकील ओशिनोवो तरुण आणि फार नम्र होते.

"इया, बसूनच बोला. तुम्ही किती वर्षं गाताय?"

"एकसष्ट."

"रोज?"

"बाळंतपणं सोडून."

"त्या एकसष्ट वर्षांत, एका तरी पहाटे, चौथ्या घराण्याच्या राजाचं नाव तुमच्या तोंडून आलं?"

"नाही."

"आज येणार आहे?"

"हो."

"आज कोण उभं आहे गादीसाठी?"

"माझा मुलगा."

मागे कोणीतरी फसकन हसले. ओशिनोवोंनी हसणाऱ्याकडे नापसंतीने पाहिले, ते खरोखरच नम्र होते. "सत्तावन्न साली कागद वाचून दाखवला. नाव नाही हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"आलं होतं."

"तरी अंगठा दिलात."

"मला वाटलं कागदही मान राखतोय."

दुभाष्याने ते कसे सांगितले कोण जाणे. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. या वेळी बरेच जण हसले, पण इराबेची माणसे हसली नाहीत. पुढे काय होणार हे त्यांना कळले होते.

अवेरो उठली. ती गायली नाही. साध्या आवाजात, दळणाचा निरोप द्यावा तशी म्हणाली, "पंधरावा, सोळावा, सतरावा कागदात आहेत. अठरावा अदेरोमू. ओदोची मंडळी त्याची मुलं."

उजव्या बाजूच्या बाकांवरची इराबेची सगळी माणसे एकदम खाली वाकली. कोणी जमिनीला तळवे लावले, कोणी कानांवर हात ठेवले. लिसाने डोळे मिटले.

"काय झालं?" न्यायाधीशांनी विचारले.

"काही नाही, साहेब," ओशिनोवो म्हणाले. "रीत आहे."

निकाल फेब्रुवारीत आला. साडेतीन पानांचा होता. अदेयांजूने तो आईला वाचून दाखवला, कारण तिने तसे सांगितले. साक्षीदार उमेदवाराची आई आहे. तिची पूर्वीची, कोणताही स्वार्थ नसतानाची, अंगठा दिलेली साक्ष अधिक विश्वसनीय आहे. चौथ्या घराण्याचा पुरावा आढळत नाही. मे महिन्यात पहिल्या घराण्याचा एक कंत्राटदार राजा होण्याआधीच्या तीन महिन्यांच्या एकांतवासातून मुकुट घालून बाहेर आला. मण्यांच्या झालरीमागे त्याचा चेहरा दिसत नव्हता. अदेयांजू इतरांबरोबर त्याच्यापुढे पालथा पडला. गेला नसता तर बंडखोर ठरला असता. घरी आल्यावर त्याने छातीवरची धूळ झटकली, हात धुतले आणि मागच्या परसात कोंबड्यांना दाणे टाकत उभा राहिला. आईशी तो पूर्वीसारखाच अदबीने बोलत असे. जेवलीस का, औषध घेतलंस का. याहून जास्त काही नाही. अवेरोला वाटे, एकदा तरी ओरडेल. तो ओरडला नाही.

राजवाड्याचे दार तिला बंद झाले हे सांगायला कोणी आले नाही. सांगायची गरज नव्हती. वस्तीतल्या बायका बारशाला तिला बोलवेनाशा झाल्या. आठव्या दिवशी बाळाच्या कानात वंश गायला पूर्वी तीच जाई. आता त्या तिच्या दारावरून जाताना दुरूनच गुडघा टेकवून नमस्कार करत आणि पावले उचलत. ती शेंगा निवडत ओसरीवर बसे. ओठ हलायचे, मग तिच्याच लक्षात येई आणि ती शेंगा जोरात मोडू लागे.

२००१ साली अदेयांजूचा धाकटा मुलगा इबादान शहराहून आला तो एक अर्ज घेऊनच. वकिलाने मार्ग काढला होता. चारही भाऊ एका बापाचे, तेव्हा ओदोच्या मंडळींनी आपण पहिल्या घराण्याचीच एक शाखा आहोत असे लिहून दिले तर पुढच्या पिढ्यांचा हक्क राहील. मात्र वेगळा पूर्वज असल्याचा दावा कायमचा सोडायचा.

"सही करा, बाबा," मुलगा म्हणाला. "आमच्या पोरांचं काय?"

"आजीला विचार," अदेयांजू म्हणाला.

"त्यांना कशाला?" एबुन म्हणाली, आणि मग अवेरोकडे वळून हळू आवाजात, "इया, रागावू नका."

"सही कर," अवेरो म्हणाली.

त्याने केली. ओदोतल्या सत्तावीस कुटुंबप्रमुखांनी केली.

त्याच सालच्या ऑक्टोबरात अवेरोला पणतू झाला. आठव्या दिवशी अंगणात मंडप घातला, मध, मीठ, पाणी आणि कोलाच्या बिया मांडल्या. वंश गायला पहिल्या घराण्याची गायिका आली होती, गळ्याची चांगली, तिशीची. तिला दोष देण्यासारखे काही नव्हते. ती बाळावर वाकली आणि तू पंधराव्या राजाचा, तू त्याच्या थोरल्या मुलाचा, तू अमक्याचा, असे गात गेली. एकेका नावाला बायका होकार देत होत्या. त्या नावांतले एकही या बाळाचे नव्हते.

अवेरो मागच्या रांगेत, सुनेच्या शेजारी बसली होती. गायिका संपवून मधाचे भांडे घेऊन ओळीने फिरू लागली. अवेरोपाशी येताच थांबली. हिच्या तोंडाला मधाचे बोट लावावे की नाही हे तिला ठरवता येईना. तिने अदेयांजूकडे पाहिले.

अदेयांजू बाळाकडे बघत होता. गायिका थोडा वेळ थांबली आणि मग पुढच्या बाईकडे गेली.