शेवटचा दगड

सुप्याच्या आमच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला चीनहून एक बाई आल्या होत्या. जेवण झालं की कॅन्टीनच्या मावशी साबणाचं पाणी टाकून खराट्यानं फरशी घासायच्या, आणि या बाई चहा विसरून त्या खराट्याकडे बघत बसायच्या.

जायच्या दिवशी त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. बर्फावरून जात्यासारखा, वर मूठ असलेला दगड सरकतोय आणि त्याच्यापुढे ब्रशनं बर्फ घासत धावणारी पोरगी म्हणजे याच! खेळाचं नाव कर्लिंग. त्या चिनीत बोलल्या, मोबाईल मराठीत बोलला, "बारा वर्षे देशासाठी खेळले. पुढे घासले की दगड लांब जातो. शेवटचा दगड मात्र कप्तानाचा. माझा कधीच नव्हता."

"मंग आज शेवटचा तुमचा," मावशी म्हणाल्या. "आमी हाय की घासायला!"

फरशीवर साबणाचं पाणी पडलं, डाळीचा भरलेला डबा आला. कॅन्टीनच्या त्या टोकाला एकच लाल फरशी आहे, तिच्यावर तो थांबवायचा ठरलं. बाईंनी गुडघ्यावर बसून डबा सोडला आणि अशी काही आरोळी ठोकली की मावशी नि भांडीवाल्या दोघी खराटे घेऊन पुढे सुटल्याच. "डाळ सांडेल हो" म्हणणारा मीसुद्धा खुर्चीवर चढून "घासा, घासा!" ओरडत होतो.

डबा लाल फरशीवर थांबला.

बाईंनी बोलायला मोबाईल उचलला, परत खाली ठेवला आणि मावशींचा ओला खराटा दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला.