अक्कांची गरम खोली

अक्का गेल्या ही बातमी मला माझ्याच पोरीनं नाशिकहून फोन करून सांगितली. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. भोकरदनला त्यांचं घर आणि माझं घर भिंतीला भिंत लागून, मागं परस एकच. पंचवीसेक वर्षं अशी काढली आम्ही. शेवटचे दोन महिने त्या पुण्याला मुलाकडं, संजयकडं होत्या, दवाखान्यात. आता त्यानं पहिला फोन कुणाला करावा? सख्ख्या काकूला? छे! त्यानं केला माझ्या मंजूला, आणि मंजूनं मला. "आई, मोठी आई गेली गं..." एवढंच बोलली आणि हमसून हमसून रडत राहिली. मी रिसीव्हर कानाला लावून उभी. डोळ्याला पाणी यायच्या आधी माझ्या मनात काय आलं ते सांगून टाकते, लपवायचं वय काही आता राहिलं नाही. मनात आलं, ही माझ्यासाठी अशी रडेल का? मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी केला. अजून करते.

एक्क्याऐंशी साली मी लग्न होऊन आले तेव्हा अक्का त्या घरात चांगल्या मुरलेल्या होत्या. मी डी.एड. झालेली, लगेच शाळेत लागलेली. त्या सातवी पास. पण माझी नोकरी गेली चुलीत, घरात शब्द चालायचा तो त्यांचाच. सासूबाईंना पापडाचं पीठ अक्कांच्याच हातानं कुटलेलं लागायचं. पुढं वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, तरी सणाच्या दिवशी आमचे हे नाकानं वास घेत तिकडंच. आणि मंजू! अक्कांना दोन्ही मुलगेच, मला ही एकुलती एक. ती रांगायला लागली तीच त्यांच्या घरात. मी शाळेतून दमून यावं तर पोरीची वेणी झालेली, जेवण झालेलं, ती त्यांच्या मांडीवर झोपलेली... उपकारच ते, कबूल. पण रोज रोज उपकार घेऊन माणसानं हसत कसं राहावं? घराच्या रिवाजानं ती त्यांना मोठी आई म्हणायची. मी आपली नुसती आई.

आता त्या खोलीचं सांगते. संजयला त्याच्या कंपनीनं सहा महिने कुठल्याशा बर्फाच्या मुलखात धाडलं होतं. येताना त्यानं फोटो आणले. घरमालकाच्या परसात लाकडाची खोली, आत शेगडी, शेगडीवर दगड. दगड तापले की वर पाणी टाकायचं आणि वाफेत घाम काढत बसायचं. सौना म्हणतात म्हणे. फोटोतल्या माणसांच्या अंगावर पंचाशिवाय काही नव्हतं, आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसलो. अक्का हसल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी फोटो निरखला आणि म्हणाल्या, "ही तर बाळंतिणीची खोली झाली की रे. नुस्ता धूर न्हाई." त्यांचे गुडघे तेव्हा धरायला लागले होते, थंडीत उठता-बसता देव आठवायचा. झालं, ठरलं. परसात तशीच खोली बांधायची. ऐकेल तो हसला. मराठवाड्यात घाम काढायला वेगळी खोली! मीसुद्धा म्हणाले, अक्का, मे महिन्यात पत्र्याखाली बसा की, फुकटात काम होईल. तर म्हणतात कशा, मे महिन्यात माझे गुडघे दुखतच न्हाईत, मास्तरीणबाई. मला तोंडावर पाडायची एक संधी त्यांनी सोडली असेल तर शपथ.

संजयनं कागदावर आखून दिलं, पण बांधून घेतलं ते अक्कांनी, त्यांच्या डोक्यानं. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर धाब्याचं छत, तेही बुटकं. छत उंच केलं की ऊब वर जाऊन बसती अन् माणूस खाली कुडकुडतं, हे त्यांचं म्हणणं. आत कडुनिंबाच्या फळ्यांचे दोन बाक, एक खाली, एक वर. पाण्याचं लोखंडी टिपाड कापून जालन्याच्या वेल्डरकडून शेगडी करून आणली, तिला पत्र्याचं धुराडं. दार बाहेर उघडणारं आणि आतून कडीच नाही; कुणाला भोवळ आली तर नुसतं ढकललं की बाहेर. एवढी अक्कल बघून माझ्या पोटात दुखायला लागलं होतं, तेवढ्यात देवानं माझं ऐकलं. अक्कांनी केळणा नदीतले गुळगुळीत गोटे आणून शेगडीवर रचले होते. ते जन्मभर पाणी प्यालेले गोटे, तापले तसे सुतळी बॉम्बसारखे फुटायला लागले. अक्का बाहेर पळाल्या, सारी गल्ली गोळा झाली. त्यात सुतारानं खिळ्यांची डोकी फळीवर तशीच ठेवलेली, ती तापून अक्कांच्या मांडीला चांगला चटका बसला. मी हळद घेऊन धावले हे खरं, आणि मनातल्या मनात साखर वाटली हेही खरं. पण ती बाई हार मानणारी नव्हती. खिळे उपटून लाकडाच्या खुंट्या मारायला लावल्या. आणि दगड आणवले धावडा गावच्या रानातून, आमच्या वाटणीच्या विहिरीतून सुरुंग लावून काढलेला काळा फत्तर. आमच्या ह्यांनी स्वतः ट्रॅक्टर भरून दिला, मला विचारलंसुद्धा नाही. तो दगड काही फुटला नाही.

मग दिवाळी ते होळी, दर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ती खोली पेटायची. बाभळीची लाकडं, धग बसेपर्यंत दार लावून ठेवायचं, मग अक्का जुनं लुगडं नेसून वरच्या बाकावर आणि खाली गल्लीतल्या बाया. दुसऱ्या दिवशी फळ्या रिठ्याच्या पाण्यानं घासायच्या, दार दिवसभर सताड उघडं ठेवायचं, राख काढायची. दिवाळीच्या आधी भिंती मातीनं पोतारायच्या आणि दगड उतरवून एकेक वाजवून बघायचा. बद्द वाजला की उकिरड्यावर. मी माझ्या ओसरीत वह्या तपासत बसायचे. आतून हसण्याचे आवाज यायचे... भिंत जाड, शब्द कळायचा नाही. काय बोलत असतील? माझंच बोलत असतील, दुसरं काय! अक्का दर वेळी हाक मारायच्या. मी एकदाही गेले नाही. बोलावून मोठेपणा घ्यायचा त्यांनी आणि जाऊन लहान व्हायचं मी, हे जमणार नव्हतं.

पुढं मंजू पहिल्या बाळंतपणाला आली. हा मान तरी आईचा. मी रजा टाकली, डिंकाचे लाडू केले, बाजेखाली शेगडी ठेवली, ओवा-शोपांची धुरी दिली. पण धुरानं पोरीचे डोळे चुरचुरायचे, बाळ खोकायचं. सव्वा महिना झाला, डॉक्टरीणबाईंनीही बेतानं शेकायला हरकत नाही म्हटलं, आणि एका संध्याकाळी मंजू बाळ माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, जराशी मोठ्या आईकडं शेकून येते. जराशी म्हणून गेली ती गेलीच. बाळ किरकिरायला लागलं तशी मी त्याला घेऊन तणतणत परसात गेले. गार वारा लागून ते गप्प झालं. मी दारावर हात मारणार, तर आतून मंजूचं रडणं. दाबलेलं, घशातलं... मधेच काही बोलायची, पुन्हा रडायची. अक्कांचा आवाज नाहीच. माझा हात तसाच वर राहिला. माझ्या लेकीला एवढं कसलं दुःख होतं, आणि आई दाराबाहेर असताना ते तिनं त्या बाईपुढं का ओतावं? ती बाहेर आली ती लालबुंद, हलकी, हसरी. विचारलं तर काही न्हाई गं म्हणाली. मग मी अक्कांना गाठलं. त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं.

"तिनं मला सांगितलं, शैला. मंग ते दुसऱ्याला सांगायला माझं न्हाई."

असा राग आला! त्यांचं बरोबर होतं म्हणून तर जास्तच आला. ते काय होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

अक्कांचे दिवस भोकरदनलाच झाले. निघताना संजयनं विचारलं, काकू, ती परसातली खोली पाडून टाकू का? आता कोण बसणार आहे तिथं? मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मंजू मध्ये पडली. म्हणाली, मी चार दिवस राहणार आहे, थंडी पण पडली आहे, पेटवू की. पेटवणार कोण? मीच. आयुष्यात त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं, पण लाकडं किती, कधी लावायची, धुराड्याची झडप कधी ओढायची, मला सगळं पाठ होतं. हेव्यानं बघितलेलं माणूस विसरत नाही. मी दगड वाजवून बघितले, फळ्या घासल्या, जाळ लावला. धग बसली तशी मंजू म्हणाली, तू पण चल ना आई.

गेले. आत अंधार, कडुनिंबाचा कडसर वास. मंजू खालच्या बाकावर जाऊन बसली, म्हणजे ती तिची जागा असणार. वरचा बाक रिकामा. मी जरा घुटमळले आणि चढून बसले. आणि काय सांगू, मेलं, बरं वाटलं! गुडघ्यांपासून कंबरेपर्यंत ऊब चढत गेली. मंजूनं डोळे मिटून डोकं मागं टेकलं, माझ्या पायाशी. मला कितीदा वाटलं, विचारावं, काय झालं होतं गं तेव्हा... जीभ आवरून धरली. मग ती डोळे न उघडता, अर्धवट गुंगीत म्हणाली,

"मोठी आई, थोडं पाणी टाक ना."

अगं, मी आहे, असं ओठावर आलं होतं. मी तांब्या उचलला आणि दगडांवर पाणी ओतलं. वाफ भस्सकन वर आली, तिचा चेहरा दिसेनासा झाला. अजून टाकू का, असं विचारावंसं वाटलं, पण आवाज ओळखला असता तिनं. मी गप्प बसले. जन्मात कधी बसले नव्हते इतकी गप्प.

मंजू बोलायला लागली.