सोबतीण म्हणून अपात्र

नाव : चंदाबाई श्रावण आडे. वय : आधार कार्डाप्रमाणे त्रेसष्ट, जन्मतारीख एक जानेवारी, जी तांड्यातल्या निम्म्या लोकांची आहे. शिक्षण : निरंक. अपत्ये : निरंक. व्यवसाय : शेतमजुरी. आरोग्य सेवेशी संबंध : पूर्वी प्रशिक्षित दाई, सध्या संबंध नाही. शेरा : सदर महिलेस घरी प्रसूती करण्यास मनाई असून ती करीत नाही.

शेरा खरा आहे. चंदाबाईंना सरकारने एकदा चार दिवस बसवून बाळंतपण कसं करावं हे शिकवलं होतं. तोवर त्यांची साठ-सत्तर करून झाली होती, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी सरकारने पुन्हा बोलावून बाळंतपण का करू नये हे शिकवलं. दोन्ही वेळा चहा मिळाला. दुसऱ्या खेपेला त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "बरोबर हाय. रक्त जाया लागलं तं मी काय करणार होतो? मायाजवळ रक्त थोडंच हाय." त्या दिवसापासून त्यांनी हात लावला नाही. पोटुशी बाई दिसली की तिला दवाखान्यात पाठवायचं, एवढंच.

महागावकडचा हा बंजारा तांडा. डांबर संपल्यावर दीड किलोमीटर पुढे. महसुली दप्तरात तो गाव नाही, शेजारच्या गावाची वस्ती आहे. त्यामुळे आरोग्य उपकेंद्र गावात आहे आणि बाळंतिणी तांड्यात.

रूपसिंग राठोडांची सून संगीता दुसऱ्यांदा गरोदर होती. अंगात रक्त कमी, रक्तदाब चढा. आशाताई समीक्षा हिने तिच्या कार्डावर लाल ठिपका लावला होता. म्हणजे ही बाई घरी बाळंत झाली तर वाचेलच असं नाही. आणि संगीता म्हणत होती, "मी दवाखान्यात जात नाई. घरी मरीन."

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली होती. ओसरीतल्या बाकावर बसवली, म्हणाले अजून वेळ आहे. संगीता गप्प बसली. या तांड्यात सून सासऱ्याच्या कानावर पडेल असं बोलत नाही, हसत नाही, आणि कळा आल्या तरी ओरडत नाही. दवाखान्यात मात्र ओरडणारीला आधी बघतात. कोणी लक्ष देईपर्यंत उशीर झाला होता. मूल गेलं. वर कोणीतरी मांडीवर चापट मारून विचारलं होतं, "तोंड नव्हतं का तुला?"

चंदाबाई दोन दिवस तिच्या चुलीपाशी जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी आत तुया उशाशी राहीन. मंग येशीन?"

संगीताने पदराआडून मान हलवली.

समीक्षा म्हणाली, "काकू, सोबतीण ठेवायचा हक्कच आहे तिला. दवाखान्यात कागद लावलाय तसा."

कागद होता. फक्त तो प्रसूतिकक्षाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. म्हणजे ज्यांना आत घेतलं त्यांनाच तो वाचता येई.

दवाखान्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, असे पुष्कळ आहेत. कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. नवरा बादल पुण्याकडे बांधकामावर, म्हणून सासरे रूपसिंगच सोबत आले. संगीताला आत नेलं. दारात मथुराबाई आया उभ्या. कमरेवर हात.

"तुमी कोन हो तिच्या?"

"सोबतीन."

"ते समजलं. कागदात लिवलं हाय, का सोबतीनीनं सोता बाळंतपन भोगलेलं पायजे. किती लेकरं तुमाले?"

"एकबी नाई."

मथुराबाई चमकल्या. इतक्या वर्षांत एकाही बिनलेकराच्या बाईने या प्रश्नाला खरं उत्तर दिलं नव्हतं. "मंग कसं जमंन बाप्पा? नियम हाय."

"माही नाई झाली. लोकाईची दोनशेच्या वर केली."

"लोकाईची चालत नाईत."

समीक्षाने चंदाबाईंना बाजूला ओढलं. "अवो काकू, तीन म्हनून सांगतलं असतं तं काय झालं असतं? कोन पाहाले येत होतं?"

"जे झालेच नाईत ते लेकरं कायले सांगू?" चंदाबाई म्हणाल्या. "पाप लागते."

समीक्षा निकिता सिस्टरना शोधायला गेली. सिस्टर त्या दिवशी एकट्या होत्या, तीन बायका आत, एक सिझेरियनला पाठवायची. त्यांनी चालता चालता सांगितलं, "राठोड ना? शांत आहे ती. वेळ आहे अजून. नंतर बघू."

चंदाबाई दाराशी सरकल्या. दोन वर्षांपूर्वी हेच शब्द होते. दार अर्धं उघडं होतं, फटीतून त्यांना संगीताचे पाय दिसत होते. अंगठे आत वळलेले, ताठ. "अवं मथुराबाई, तिचे पाय पाहा. वेळ नाई राह्यला."

"पाय पाहून सांगता? इथं मशीन हाय."

"मशीन कुठं हाय मंग?"

"नादुरुस्त हाय."

चंदाबाई मागे वळल्या आणि तेव्हा त्यांना आपली चूक कळली. घरची बाळंतपणं करत तेव्हा त्या आधी घरातले सगळे पुरुष शेतात हाकलायच्या, मग पाणी तापवायच्या. इथे दवाखाना म्हणून त्या विसरल्या. प्रसूतिकक्षाच्या खिडकीखाली, भिंतीला टेकून, रूपसिंग बसले होते. मागच्या वेळीही ते जवळच बसले होते, शेवटी चहा प्यायला उठले आणि तेवढ्यात नातू गेला. म्हणून या वेळी ते आल्यापासून जागचे हलले नव्हते. पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

"रूपसिंगभाऊ, उठा."

"कायले?"

"नारळ आना."

"सून आत हाय अन् नारळ कायले? मी इथून हालत नाई."

"तुमी हालत नाई म्हनूनच ती ओरडून नाई राह्यली," चंदाबाई म्हणाल्या. "तुमी खिडकीखाली हाय, हे तिले माईत हाय. ती मरंन पन तुमच्यासमोर तोंड उघडनार नाई."

 रूपसिंगांनी टोपी सारखी केली, उठले आणि खिडकीकडे तोंड करून मोठ्याने खाकरले. सासरा घरात शिरताना खाकरतो, म्हणजे सुना पदर सावरतात. हा माणूस जन्मभर येताना खाकरला होता. आज जाताना खाकरला. दहा पावलांवर पुन्हा खाकरले. फाटकापाशी पुन्हा. रस्ता ओलांडल्यावर त्यांचं खाकरणं अगदी बारीक ऐकू आलं, आणि नंतर ऐकू आलं नाही.

आणि मग आतून "याडीऽऽ" अशी किंकाळी आली. याडी म्हणजे आई. खिडकीवरचं कबुतर उडालं. मथुराबाईंचा हात कमरेवरून खाली आला.

निकिता सिस्टर धावत आल्या. "अगं बाई, डोकं दिसतंय! डॉक्टरांना बोलवा. ट्रे आणा." दोन वर्षांचं साठलेलं ओरडणं होतं, ते थांबेना. संगीता गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या भाषेत, काय काय म्हणत होती. त्यातलं बरंचसं तिच्या नवऱ्याबद्दल होतं आणि इथे देण्यासारखं नाही.

"ही हात लावू देईना, हलतेय सारखी!" सिस्टर दाराकडे बघून ओरडल्या. "ती म्हातारी कुठंय? घ्या तिला आत!"

"सिस्टर, तिले लेकरू नाई," मथुराबाई कर्तव्य म्हणून म्हणाल्या.

"मथुराबाई, घ्या!"

चंदाबाई आत गेल्या. उशाशी उभ्या राहिल्या आणि आपला उजवा हात संगीताच्या हातात दिला. बाकी काही केलं नाही. त्यांना मनाई होती.

पंचवीस मिनिटांनी मुलगी झाली. संगीताचा रक्तदाब संध्याकाळपर्यंत उतरला. रूपसिंग दोन तासांनी नारळ घेऊन परतले आणि फाटकाबाहेरच उभे राहिले; आत जायचं की नाही हे विचारायला त्यांना कोणी सापडेना.

नोंदवहीत त्या दिवशी लिहिलं आहे : माता जोखमीची, प्रसूती नैसर्गिक, बाळ रडले, प्रसूती सोबती : पात्र महिला उपलब्ध नसल्याने लागू नाही.

चंदाबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजली होती, आठ दिवस त्यांना कापूस वेचता आला नाही.