आईचा खोकला आणि पानओवा

आईला खोकला लागला आणि घरात कुंड्या यायला लागल्या. आमच्या कोल्हापुरात आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. पूर्वी लोक शहाळं आणत, आता पानओव्याची कुंडी आणतात. जाड, लवदार पान, चुरडलं की ओव्याचा वास. सोबत तो कसा घ्यायचा यावरचं प्रवचन.

प्रवचनात आघाडीवर आमचे काका. निवृत्तीनंतर त्यांनी आयुर्वेदाचा अभ्यास मोबाइलवर पूर्ण केला आहे. डोळे मिटून ते आईची नाडी बघत. एकदा त्यात त्यांना डुलकी लागली, तर काकूंनी आम्हाला हळू बोलायला सांगितलं.

“वैनी, कफ हाय. दोन टायमाला पानओव्याचा काढा घ्या, वर मिरं टाका.”

आई घ्यायची. मग शेजारीण सुंठीचा काढा आणायची, आई तोही घ्यायची. प्रेमाने आणलेल्याला नको म्हणणं तिला जमत नाही. खोकला वाढत गेला. आडवं झालं की उबळ यायची, म्हणून ती भिंतीला टेकून झोपायची. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. मी डॉक्टरांचं नाव काढलं की काका म्हणत, “पुस्तकं लई वाचलास, पर घरचं औषध इसरलास.”

शेवटी तिला वैद्यांकडेच नेलं, म्हणजे काकांना बोलायला जागा नको. तेही रिक्षात बसलेच. वैद्यबाई पदवीधर, कमी बोलणाऱ्या.

“घशाशी आंबट येतं?”

“येतंय की.”

“सध्या काय काय घेता?”

आई सांगत गेली, तशी बाईंनी चष्मा काढून ठेवला.

“पानओवा कफाला चांगला, पण उष्ण. त्यावर मिरं, सुंठ. कफ कधीच गेला, आता हे पित्त आहे. सगळे काढे बंद. तरीही उतार पडला नाही, तर छातीचा फोटो काढा.”

काकांनी घसा साफ केला. “पित्ताचा मला संशय हुताच.”

मी रिक्षा बोलवायला उठलो.

काढे थांबले, खोकला उतरला. परवा काका नवी कुंडी घेऊन हजर. आईने पानं खुडली, बेसनात बुडवून भजी तळली आणि ताटली त्यांच्यापुढे ठेवली.

“तुमी बी घ्या की, वैनी.”

“नको,” आई म्हणाली. “मला पित्त हाय. तुमाला संशय हुताच न्हवं?”

काकांनी भजी संपवली. कुंडी मात्र परत नेली नाही. गॅलरीत आता कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही.