हळदीचा दोरा

“भाऊ, हे खत वेलाले टाकलं का हवेले?”

संग्रामपूरकडच्या माझ्या पानपिंपळीच्या, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलांच्या, मळ्यात शिरले की कृषी खात्यातले साहेब आधी उकिडवे बसत, मातीचं ढेकूळ नाकाशी नेत आणि हा प्रश्न विचारत. साहेब मोताळ्याकडचे, बोलणं आमच्यासारखंच. खिशात पेनाशेजारी हळदीच्या पाण्यात बुडवलेला सुती दोरा. तुम्ही पाहिलं असतं तर त्यांना मांत्रिक समजला असता. आम्ही तेच समजलो होतो.

एकदा त्यांनी ओल्या काळ्या मातीवर एकीकडे युरियाचे दाणे वरच विखुरले, दुसरीकडे तेवढेच खाली गाडले. दोन्ही जागी काचेचे पेले पालथे घातले, आत ओला दोरा चिकटवून. दोन-तीन दिवसांनी पाहतो तर वरच्या युरियाचा दोरा कुंकवासारखा लाल, गाडलेल्याचा पिवळाच. युरियातून उडणाऱ्या अमोनियानं हळद लाल होते, ते म्हणाले; पेला उचलला तर त्याच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं खत असं डोळ्यांसमोरून उडून जात होतं आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं. मी कितीतरी वेळ त्या दोऱ्याकडेच बघत राहिलो.

नायट्रेटवालं खत उडत नाही, पण पाणी जास्त झालं की मुळांखाली उतरून जातं, असं ते सांगत. ढेप, म्हणजे पेंडीचं खत, मात्र सावकाश, वेलाला झेपेल तशी लागते. आणि औषधी पिकाबद्दल त्यांचं ठरलेलं बोलणं: “पानं पाहून हरखू नका. वैद्य फळ नेते.”

मी पानं पाहूनच हरखलो. माझा वेल शेजाऱ्यांपेक्षा हिरवा दिसावा म्हणून ढेप बंद केली आणि युरिया वरूनच फेकत राहिलो. वेल पानांनी माजला, फळ धरेना. साहेबांच्या भरवशावर पानपिंपळी लावलेले बाकीचे लोक घाबरले. मारुतीच्या देवळासमोर त्यांनी मला गाठलं. साहेब तिथंच उभे होते. तरी मी म्हणालो, “साहेबानं सांगतलं तसंच केलं.”

साहेबांनी सगळ्यांना सकाळी मळ्यात यायला सांगितलं, आणि संध्याकाळी माझ्या वेलाखाली पेला पालथा घातला.

सकाळी आम्ही दोघंच आधी पोचलो. दोरा लालभडक. बांधावरून लोक येताना दिसत होते. साहेबांनी दोरा काढला आणि वाऱ्यावर धरला. हळूहळू लाली उतरली, दोरा पुन्हा पिवळा झाला.

“तुमाले इथंच राहाचं आहे, भाऊ. माही तं बदली होते.”

लोकांना त्यांनी सांगितलं की अंदाज त्यांचाच चुकला.

बदली झाली. ‘साहेबाचा दोरा’ ही गावात थट्टा झाली. मीही त्या थट्टेत हसलो.

गेल्या आठवड्यात साहेब वारल्याचं कळलं. मी मळ्यात युरियाचे दाणे वरून विखुरले, पेला पालथा घातला. दोरा लाल झाल्यावर गावाला निरोप धाडला, ‘साहेबाचा दोरा पाहाले या.’ लोक जमेपर्यंत पेला उचलून त्याच्या तोंडावर तळवा गच्च दाबून उभा राहिलो. वारा लागू दिला नाही.