घशाखाली न उतरलेलं तीर्थ

त्या दुष्काळी उन्हाळ्यात माझ्या प्रत्येक दुखण्याला घरात कारण तयार होतं. हात वर जात नाहीत? टँकरचं पाणी जिन्यानं चढवतेस ना, खांदे भरून आलेत. पापण्या जांभळट सुजल्यात? ऊन लागलं. शहराबाहेर शेंद्र्याच्या बाजूला कारखाने आणि इमारती उठत होत्या, आमच्या नळाला मात्र धार नव्हती, त्यामुळे मलाही हे पटायचं. पण भाकरीचा तुकडा घशात अडायचा, पाणी नाकातून परत यायचं, त्याचं काय? घशात दुर्बीण घालून पाहिली, सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "ताण घेऊ नका." यजमान निश्चिंत झाले. मी मात्र मनातून हादरले. घशात काही नाही, तर मग मी गिळू का शकत नाही?

चारचौघांत ठसका लागायला नको म्हणून मी देवीचे मंगळवार धरले. सूनबाई देवाला लागली म्हणून सासूबाई खूश. इकडे माझे ब्लाउज दिवसेंदिवस ढगळ होत होते.

अशाच एका मंगळवारी शहागंजाजवळच्या देवळात गेले. देवीला चिडूनच म्हटलं, काय ते एकदा सांगून टाक, हे झुलवणं पुरे. पुजाऱ्यांनी तळहातावर तीर्थ दिलं. ते प्यायले आणि तेच नाकातून बाहेर आलं. श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईनं मला धरून ओट्यावर बसवलं. लासूर स्टेशनहून ती सासूला दवाखान्यात दाखवायला आली होती. माझ्या पापण्यांकडे ती एकटक बघत राहिली.

"ताई, केस इंचरताना हात वर जातो का तुमचा?"

"नाही."

"माझ्या बहिणीचं असंच व्हतं. आम्ही घशालाच औषध देत बसलो, अन् गाठ निघाली पोटात. लई उशीर झाला. चला आमच्यासंगं."

"घरी विचारून उद्या जाते."

"उद्या नाय. रिक्षा हाय उभी."

मी शाळेत मुलांना, घरात यजमानांना हुकूम सोडणारी बाई. त्या दिवशी मुकाट रिक्षात बसले.

तिथल्या डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या, बोटांचे सांधे पाहिले, मग हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. मला उठता येईना. शरीरात कुठं कर्करोग लपलेला असला की कधी कधी आधी स्नायूच दुबळे होतात, गिळायचेसुद्धा, असं त्यांनी समजावलं. मग शोध सुरू झाला. नाकातल्या नळीतून पेज जायची आणि एकामागून एक तपासण्या व्हायच्या. अखेर अंडाशयात गाठ सापडली. लहान होती, काढता आली. पुढं औषधोपचारांनी हळूहळू ताकद परतली. मऊ भाताचा पहिला घास खाली उतरला तेव्हा मी सगळ्यांदेखत रडले.

ती बाई मला भेटायला आली. तिचे हात धरून मी म्हणाले, "देवीनंच तुम्हाला धाडलं."

"धाडलं असंल," ती म्हणाली. "माझी बहीण बी लई करायची देवीचं, ताई."



आजही देवीसमोर उभी राहिले की ऊर भरून येतो. माझ्यावर कृपा झाली, यात मला तिळमात्र शंका नाही. तिच्या बहिणीवर का झाली नाही, हे मी दर वेळी देवीला विचारते. उत्तर येत नाही. पूर्वीची मी उत्तर मिळेपर्यंत तिथून हलले नसते. आता त्या दोघी बहिणींच्या नावानं हात जोडते आणि घरी येते.